बेटब्लॉकर: सुरू करण्याआधी काय उरकायचं आणि नंतर काय उरतं

जुगाराच्या साइट आणि ॲप बंद करणारं बेटब्लॉकर एका धर्मादाय संस्थेचं आहे. ते फुकट आहे आणि नाव, पत्ता काही विचारत नाही. २४ तासांपासून ५ वर्षांपर्यंत मुदत निवडायची आणि बंदी सुरू करायची. मुदत संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही, आणि त्याची खरी किंमत याच गोष्टीत आहे.

सट्ट्याच्या साइटवर स्वतःची मर्यादा ठरवायची सोय असते. महिन्याचा आकडा आधी ठरवून त्यातच राहणाऱ्याला ती पुरते. पण ज्याला गेलेले पैसे परत मिळवायचेत, तो एका साइटवर अडला की दोन मिनिटांत दुसरीवर नवं खातं उघडतो. अशा माणसासाठी हजारो साइटची यादी एका दमात बंद करणारं हत्यारच हवं.

मात्र ते हरल्याबरोबर, रागाच्या भरात टाकू नका. बंदी लागली की साइट उघडतच नाही, मग खात्यात अडकलेली शिल्लक काढायची कशी? म्हणून आधी शिल्लक काढून घ्या. काही ठिकाणी पैसे बँकेत पोचेपर्यंत 'काढणं रद्द करा' असं बटण दिसत राहतं आणि बरेच जण तिथेच घसरतात. ते बटण बंद करून द्या, असं ग्राहकसेवेला लेखी कळवा. मग प्रत्येक साइटवर स्वतःला वगळण्याचा, म्हणजे 'मला इथे खेळू देऊ नका' असा अर्ज भरा आणि जाहिरातींचे मेसेज थांबवायला सांगा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कार्डाचे नंबर पुसा. हे सगळं झाल्यावर बंदी.

पहिल्यांदा २४ तासांचीच लावा, तीही फक्त तपासणीसाठी. नेहमीच्या साइट खरंच अडतात का, कामाचं काही बंद पडतं का, ते पाहा. सगळं ठीक असेल तर निदान वर्षाची मुदत घ्या. आठवड्याभराची बंदी म्हणजे पगाराची वाट पाहणं. फोनवर लावलीत आणि घरातला जुना टॅब्लेट विसरलात, तर बोट तिकडेच वळेल. घरातल्या प्रत्येक उपकरणावर ते वेगळं टाकावं लागतं.

फोनवर अशी ॲप बहुधा व्हीपीएनच्या, म्हणजे फोनचं सगळं इंटरनेट एका ठरावीक वाटेने नेणाऱ्या सोयीच्या मार्गाने काम करतात. एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन असेल तर दोघांची टक्कर होते. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळेही ॲप मागच्या मागे बंद पडतं, म्हणून त्याला त्यातून वगळा. अँड्रॉइडवर 'व्हीपीएन कायम सुरू' हा पर्याय लावा. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये ॲप काढून टाकण्यावर बंदी घाला आणि तिचा पासकोड दुसऱ्या कुणाला तरी टाकायला लावा. तुम्हाला माहीत असलेला पासकोड म्हणजे किल्ली कुलपालाच लटकवून ठेवणं.

आता उणीव. हे ॲप पैसा अडवत नाही. काउंटरवरची लॉटरी, रोखीचा डाव, ओळखीच्या माणसाकडे लावलेली पैज, यातलं काहीच त्याला दिसत नाही. म्हणून बँकेकडेही जुगाराचे व्यवहार बंद करायची सोय असेल तर ती घ्या. कार्डाच्या व्यवहारांत जुगाराला ७९९५ हा कोड असतो आणि बँक तो पाहून नकार देते. पण पैसे आधी वॉलेटमध्ये भरले तर कोड बदलतो आणि व्यवहार निसटतो. त्यावर उपाय जुनाच आहे: पगाराचं खातं काही महिने विश्वासातल्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवायचं.

रात्री दीड वाजता सामना संपलेला असतो, हरलेली रक्कम डोक्यात घोळत असते आणि अंगठा सवयीने आयकॉनच्या जुन्या जागी जातो. पान उघडत नाही. ॲपचं काम इथे संपतं. ओढीची लाट चढते तशी ओसरतेही, पण ती मिनिटं काढायला कुणीतरी लागतं. फोन लावायचं एक नाव आधीच ठरवून ठेवा. गॅम्ब्लर्स अॅनॉनिमस हा जुगार सोडू पाहणाऱ्यांचा गट १९५७ पासून लोकांना एकत्र बसवतंय. स्वतःला तपासण्यासाठी त्यांनी दिलेल्या २० प्रश्नांपैकी ७ किंवा जास्त प्रश्नांना 'हो' म्हणावं लागलं, तर बंदीबरोबर समुपदेशकाकडेही जा. जुगाराचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे आणि विचार-वर्तन उपचारपद्धतीचा त्यात उपयोग होतो. जीव नकोसा वाटत असेल तर ॲपच्या नादी लागू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि आपत्कालीन मदत क्रमांकाला फोन करा.

घरच्यांनी सगळं कर्ज एकदम फेडू नये. कर्ज शून्य झालं की पुन्हा उधारी मिळायला लागते. ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांची यादी करा आणि हप्ते थेट त्यांनाच द्या, जुगार खेळणाऱ्याच्या हातात रोख नको.

बंदीची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची आठवण आजच लावून ठेवा. ती तुमच्या फोनवर नको, पासकोड ज्याच्याकडे आहे त्याच्या फोनवर लावा.