कॅप्सूल एंडोस्कोपी: साडेतीन तारे

लहानपणापासून माझा घोळणा फुटतो. आईचाही फुटायचा. त्यामुळे घरात त्याला कुणी आजार म्हटलंच नाही, 'अंगात उष्णता' एवढ्यावर विषय संपायचा. पन्नाशीत जिना चढताना धाप लागू लागली, हिमोग्लोबिन ६.८ निघालं. शौचाला काळी होत होती, पण ती लोहाच्या गोळ्यांमुळे असं समजून मीच काणाडोळा केला होता.

तोंडावाटे आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालून झाली. रक्त कुठून जातंय ते सापडेना. लहान आतड्याचा बराचसा भाग दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहतो, म्हणून ही गिळायची कॅमेऱ्याची गोळी. लांबी साधारण २६ मिलिमीटर. तोंडात टाकली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुमचा गाल लुकलुकतोय!" मग आठ तास कमरेला पट्टा आणि रेकॉर्डर. दुखलं काहीच नाही. खरी शिक्षा आदल्या रात्रीच्या जुलाबाच्या औषधाची.

दीड तारा कापला तो सेंटरचा. गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही, ही एवढी मोठी गोष्ट फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात! आणि रिपोर्टमध्ये नुसतं 'अनेक टेलँजिएक्टेशिया'. म्हणजे काय, ते विचारायला माणूसच नाही.

ते सांगितलं रक्तविकाराच्या डॉक्टरांनी. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी माझे ओठ पाहिले. खालच्या ओठावरचा लाल ठिपका काचेच्या पट्टीने दाबला, तो फिका पडला. काच उचलताच पुन्हा भरला. "आईच्या ओठांवर असे होते?" होते की! आम्ही त्यांना तीळ म्हणायचो.

टेलँजिएक्टेशिया म्हणजे हेच ठिपके, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे. आजाराचं नाव हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, म्हणजे अशा ठिपक्यांतून रक्त जाण्याचा आनुवंशिक आजार. साधारण पाच हजारांत एकाला होतो. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं जाळं हवं, ते जागोजागी नसतं. धमनीचा दाब थेट पातळ भिंतीवर येतो आणि ती फुटते. रक्त गोठण्यात खोट नसते, म्हणूनच माझ्या त्या तपासण्या कायम नॉर्मल यायच्या. निदानाचे निकष चार: घोळणा, ठिपके, आतल्या अवयवांतल्या सदोष वाहिन्या आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला हाच आजार. तीन जुळले की पुरे. आता फुप्फुसांतही अशा सदोष वाहिन्या आहेत का ते पाहायला बबल इको (शिरेतून बारीक बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) करायचाय.

गोळीने आतड्यातले ठिपके दाखवले, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त फोटोंची सीडी त्याच दिवशी मागून घ्या. मला ती तिसऱ्या फोननंतर मिळाली.