आपल्यामागे फोन कोण उघडणार? पाकीट, गूगल, ॲपल आणि पासवर्ड मॅनेजर यांतून निवडताना

मामा गेले त्या आठवड्यात त्यांचा फोन बाहेरच्या खोलीतल्या शोकेसवर ठेवलेला होता. तो वाजायचा, पडदा उजळायचा आणि त्यावर फक्त मेसेज आला एवढेच दिसायचे. मजकूर लपवलेला होता. मामींनी मामांची जन्मतारीख टाकून पाहिली, लग्नाची तारीख टाकून पाहिली, स्कूटरचा नंबर टाकून पाहिला. प्रत्येक चुकीनंतर फोन जास्त वेळ थांबायला सांगू लागला. त्या फोनमध्ये आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मामांनी गावी जाऊन, तिला ओसरीवर बसवून, चार दुपारी रेकॉर्ड केलेल्या. दुसरी प्रत कुठेच नाही.

फोन अजून मामींच्या कपाटात आहे. आजीही आता नाही.

त्यानंतर मी घरातल्या प्रत्येकाची सोय लावायला बसले, आणि कोणती व्यवस्था कुठे उपयोगी पडते, कुठे अडते, हे एकेक करून पाहिले. तुम्हीही हे आज ना उद्या करणार असाल, म्हणून लिहिते आहे.

आधी पैसा आणि आठवणी वेगळ्या करा

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. नवऱ्याचा नेटबँकिंगचा पासवर्ड माहीत असला की पुढची काळजी मिटली, असे अनेक घरांत धरून चालतात. पण खातेदार गेल्यावर त्याच्या नावाने व्यवहार करत राहणे बरोबर नाही, आणि वारसांत पुढे वाद झाला तर ते अंगाशी येते. बँकेला कळवायचे, मृत्यूचा दाखला द्यायचा आणि नॉमिनीने दावा करायचा, हीच तिथली वाट. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा ते काम आधी करा. नॉमिनी म्हणजे मालक मात्र नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले: नॉमिनीच्या हाती मालमत्ता येते ती सांभाळण्यासाठी, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांचा.

आठवणींचे अगदी उलटे. फोटो, ईमेल, रेकॉर्डिंग, लिहून ठेवलेले काही, यांना बँकेसारखी खिडकी नाही. तिथे किल्ली असेल तर दार उघडते, नाहीतर नाही. आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १४ मध्ये आपल्यामागे आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये फेसबुकच्या खटल्यात निकाल दिला की खाते हा करार आहे आणि तो घरच्या पत्रांसारखाच वारसांकडे जातो. ती एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांची लढाई होती, आणि ती कित्येक वर्षे चालली. आपण कोर्टाच्या भरवशावर राहू नये.

म्हणून खाली जे पर्याय आहेत ते मुख्यतः या दुसऱ्या कप्प्यासाठी. प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारते. किती दिवसांनी उघडते? काय काय उघडते? आणि आपण जिवंत असताना ते कुणी चोरून उघडू शकते का?

पाकीट

कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, एका माणसाला जागा सांगून ठेवणे. याला पैसे लागत नाहीत, ॲप लागत नाही, आणि ते पहिल्याच दिवशी उघडते. गुगलला किमान तीन महिने लागतात, ॲपलला मृत्यूचा दाखला लागतो. पाकिटाला कात्री पुरते. शिवाय फोनचा पिन पहिल्याच दिवशी हाती देणारी ही एकच व्यवस्था आहे. बाकी कोणतीही सोय कुलूपबंद फोन उघडून देत नाही. मामांच्या ओव्या क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात, नव्हत्याच, त्यामुळे इतर सगळ्या सोयी लावलेल्या असत्या तरी त्या मिळाल्या नसत्या. चार आकड्यांची एक ओळ पुरली असती.

दोष उघड आहेत. हाती लागेल त्याने वाचावे, आणि पासवर्ड बदलला की कागद शिळा. मामांची एक डायरी होती, विमा एजंटाने दिलेली. मागच्या पानांवर पासवर्ड लिहिलेले, खोडलेले, बाणाने वर नेलेले, काहींपुढे ‘जुना’ असे लिहिलेले. कशाचा कोणता ते आम्हाला लागले नाही. म्हणून सगळे पासवर्ड पाकिटात लिहू नका. चार-पाच मोजक्या गोष्टी लिहा: फोनचा पिन, मुख्य ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड, गूगलचे बॅकअप कोड, पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारे ॲप) असेल तर त्याचा मुख्य पासवर्ड, आणि कोणत्या बँकेत, कोणत्या फंडात, कोणत्या विम्यात काय आहे त्याची नुसती नावे. हे बॅकअप कोड एका वेळी दहा मिळतात आणि ओटीपी येत नसला तरी लॉगिन करून देतात, त्यामुळे ते फार मोलाचे. यूपीआयचा पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड लिहू नका. कारण वर दिलेच आहे.

आणि पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायचा तर पुन्हा दाखला, अर्ज, नॉमिनीची ओळख. पाकीट लागते ते पहिल्या आठवड्यात.

गूगल

आपल्याकडे बहुतेकांचे फोटो, मेल, फोनबुक सगळे गूगलवर, त्यामुळे ही सोय प्रत्येकाने लावावीच. नाव ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’, २०१३ पासून आहे, फुकट आहे. खाते किती काळ वापरात नसले तर बंद समजावे ते आपण ठरवायचे: ३, ६, १२ किंवा १८ महिने. दहापर्यंत माणसे नेमता येतात, आणि कुणाला काय द्यायचे तेही वेगवेगळे ठरवता येते. मुलीला फोटो, भावाला ड्राइव्हमधली कागदपत्रे, मेल कुणालाच नाही, असे चालते. मुदत संपली की त्या माणसांना मेल जातो आणि ती माहिती उतरवून घ्यायला तीन महिने मिळतात. पासवर्ड कुणालाच मिळत नाही.

दोन ठिकाणी ही व्यवस्था घसरते. एक, खाते वापरात आहे का हे गूगल लॉगिनवरून, जीमेलच्या वापरावरून आणि अँड्रॉइड फोन त्यांच्याशी संपर्क साधतो त्यावरूनही ठरवते. घरच्यांनी आठवण म्हणून फोन चार्ज करून चालू ठेवला, की घड्याळ सुरूच होत नाही. मामींनी तेच केले असते. हे नेमलेल्या माणसाला आधी सांगून ठेवा. दोन, ओळख पटवायला त्या माणसाच्या मोबाइलवर कोड जातो. त्याने मधल्या काळात नंबर बदलला असेल तर सगळे अडते. आणि नेमल्याचे गूगल त्याला आधी कळवतही नाही, ते आपणच सांगायचे.

काहीच केले नाही तर? नातेवाइकांना गूगलकडे अर्ज करता येतो, पण काय द्यायचे ते गूगल ठरवणार. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचा त्यांचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

ॲपल

आयफोन असेल तर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमा. डिसेंबर २०२१ मध्ये आलेली सोय, पाच जणांपर्यंत. प्रत्येकाला एक किल्ली मिळते, क्यूआर कोडच्या रूपात. ती छापून ठेवता येते. पुढे ती किल्ली आणि मृत्यूचा दाखला दिला की आयक्लाउडमधले फोटो, मेसेज, नोट्स, बॅकअप मिळतात. मुदतीची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे ही गुगलपेक्षा लवकर उघडते, आणि दाखल्याशिवाय उघडत नसल्याने जिवंतपणी धोकाही नाही. या एका बाबतीत मला ॲपलची रचना जास्त विचारपूर्वक केलेली वाटते.

पण पहिली मागणी मंजूर झाल्यापासून तीन वर्षांनी खाते कायमचे पुसले जाते. कीचेनमध्ये साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. विकत घेतलेली गाणी, पुस्तके मिळत नाहीत. आणि पाच जण नेमले तर त्यांतला कुणीही एक जण एकट्याने सगळे पुसू शकतो. भावंडांत फार पटत नसेल तर एकच माणूस नेमा. फोनचा पासकोड मात्र ॲपलही उघडून देत नाही; पासकोड माहीत नसेल तर फोन कोरा करूनच वापरावा लागतो. म्हणजे आयफोनवाल्यांनाही पाकीट सुटत नाही.

पासवर्ड मॅनेजर

तीस-चाळीस खाती, स्वतःची वेबसाइट, कामाची सदस्यत्वे, दोन-तीन ईमेल, असा पसारा असेल तर कागद पुरत नाही. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये पैसे भरून घेतलेल्या खात्यावर आणीबाणीची व्यक्ती नेमता येते. तिने मागणी केली की आपण ठरवलेली मुदत, एक दिवसापासून ९० दिवसांपर्यंत, सुरू होते. तेवढ्यात आपण नकार दिला नाही तर तिजोरी उघडते. नुसती पाहण्याची परवानगी द्यायची की ताबा द्यायचा, तेही ठरवता येते. पासवर्ड बदलला की आपोआप ताजा, ही कागदाला न जमणारी गोष्ट.

अडचण अशी की त्या माणसाचेही तिथे खाते हवे आणि त्याला ते वापरता यायला हवे. सत्तरीतल्या आईसाठी मी हे सुचवणार नाही. शिवाय पासवर्ड मिळाला तरी पुढे ओटीपी मागितला जातोच, आणि ओटीपी जातो सिमवर.

सिमकडे कुणी बघत नाही

आपल्या देशात खरी किल्ली मोबाइल नंबर आहे. मामींना हे तिसऱ्या महिन्यात कळले. गॅसचे बुकिंग मामांच्या नंबरवरून व्हायचे, विजेच्या बिलाचा मेसेज तिथेच यायचा, सोसायटीच्या ग्रुपवर तोच नंबर. रिचार्ज संपला तेव्हा कुणाचे लक्ष नव्हते. सिलिंडर संपला आणि नंबर लागेना. “अगं, गॅससुद्धा यांच्याच नावाने श्वास घेत होता,” मामी मला फोनवर म्हणाल्या.

प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला आणि पुरेशी शिल्लक नसली तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मग त्या नंबराशी जोडलेल्या खात्यांचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जाणार. म्हणून रिचार्ज चालू ठेवा आणि मृत्यूचा दाखला नेऊन नंबर वारसाच्या नावावर करून घ्या, दुकानात तशी सोय असते. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी गॅस, वीज, घरपट्टी यांना आपल्या जोडीदाराचाही नंबर आजच जोडून ठेवावा. न्यू जर्सीतल्या मुलाला पुण्यातल्या सिमवरचा ओटीपी मिळवणे किती जड जाते ते त्यालाच विचारा.

मृत्युपत्रात लिहिले तर?

पासवर्ड लिहू नका. मृत्युपत्र अनेकांच्या हातांतून जाते, कोर्टात गेले तर आणखीच. त्यात एवढेच लिहा की माझी ऑनलाइन खाती, फोटो आणि लेखन अमुक व्यक्तीने सांभाळावे. आणि ते कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधून मृत्युपत्र वगळलेले आहे, त्यामुळे ड्राइव्हवरची फाइल म्हणजे मृत्युपत्र होत नाही. गोव्यात वारसाहक्काचा कायदा वेगळा, तिथल्या वाचकांनी तिथल्याच वकिलाला विचारावे.

फेसबुकवरही ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. तो श्रद्धांजलीची पोस्ट वर ठेवू शकतो, फोटो बदलू शकतो. मेसेज वाचू शकत नाही. पाच मिनिटांचे काम आहे, पण शेवटी करा.

मग कुणी काय घ्यावे

आईवडिलांसाठी लावत असाल तर पाकीट आणि गूगल, बस. गुगलची मुदत तीन महिने ठेवा. आयफोन असेल तर गुगलबरोबर ॲपलची किल्ली छापून त्याच पाकिटात घाला. तुम्ही एकटे राहत असाल तर पाकीट घरात ठेवून उपयोग नाही, ते दुसऱ्या घरी, विश्वासाच्या माणसाकडे हवे. तुमच्यासाठी पासवर्ड मॅनेजरची मुदतवाली सोय जास्त सुरक्षित. लहान मुले असलेल्या जोडप्याने एकमेकांचा पिन जाणून भागत नाही. दोघे एका गाडीत असतात. तिसरा माणूस हवाच. ज्यांना आपले काही खासगी ठेवायचे आहे, डायरी, जुनी पत्रे, त्यांनी गुगलची निवड करावी, कारण काय द्यायचे नाही हे फक्त तिथे नीट सांगता येते. फोनचा पिन दिला की सगळेच दिल्यासारखे होते, हे पाकीट चिकटवण्याआधी मनाशी ठरवा.

पाकिटातला कागद ताजा ठेवायला आमच्याकडे दिवाळीतला वहीपूजनाचा दिवस धरला आहे. जुना कागद फाडायचा, नवा लिहायचा, खाली तारीख. आणि त्याच दिवशी फोनमधली रेकॉर्डिंग दुसऱ्या जागी उतरवून घ्यायची. मामी गेल्या वर्षी पहिल्यांदा लिहायला बसल्या. पिनचे चार आकडे त्यांनी अंकांत लिहिले, आणि खाली पुन्हा अक्षरांत, चेकवर लिहितात तसे.