साडेसहा किलोचे सांगितलेले रिम अकरा किलोचे निघाले

2023 च्या दसऱ्याला मी माझ्या छोट्या पेट्रोल हॅचबॅकला कोल्हापुरातील एका दुकानातून 17 इंची अलॉय रिम आणि नवे टायर बसवून घेतले. त्या व्यवहारात माझे 48 हजार रुपये गेले, शिवाय माझे चांगले चाललेले चार मूळ टायर आणि लोखंडी रिम अवघ्या 10 हजारांच्या मोबदल्यात दुकानदाराकडे राहिले. मला काय सांगितले गेले आणि प्रत्यक्षात काय मिळाले हे मी तपशिलाने लिहीत आहे, कारण हीच भाषा वापरून आजही चाके विकली जात आहेत आणि ती ऐकणाऱ्या ग्राहकाकडे ती पडताळण्याचे साधन क्वचितच असते.

दुकानदाराचे म्हणणे तीन गोष्टींवर उभे होते. हे रिम ओतीव नसून फोर्ज्ड, म्हणजे घडीव आहेत. एका रिमचे वजन साडेसहा किलो, म्हणजे लोखंडी रिमपेक्षाही कमी आहे. आणि म्हणून गाडीचा पिकअप सुधारून ॲव्हरेज दोन किलोमीटरने वाढेल. “साहेब, चाक हलके झाले की इंजिनावरचा भार कमी होतो, हे तर तुम्हालाही पटेल,” असे तो म्हणाला. हे वाक्य खरे आहे, आणि त्यामुळेच मी फसलो. चाक हलके झाल्यास गाडी सुधारते हे शास्त्र बरोबर होते, फक्त मला दिलेले चाक हलके नव्हते.

पहिली शंका त्याच वर्षी दिवाळीनंतर वैभववाडीहून परतताना करूळ घाटात आली. ज्या वळणांवर गाडी पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये चढत असे, तिथे मला वारंवार पहिला गिअर टाकावा लागला. महामार्गावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. ॲव्हरेज साडेअठरावरून सोळावर आले. मी दुकानात गेलो तेव्हा नवे टायर रुळायला वेळ लागतो, दोन-तीन हजार किलोमीटर चालू द्या, असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. ही माझी मोठी चूक होती, कारण त्या काळात टाळाटाळीला मुदत मिळाली.

खरा हिशेब लागला तो शाहू मार्केट यार्डात. माझ्या वर्गमित्राची तिथे गुळाची अडत आहे. गाडीत मूळ चाकांपैकी एकच उरले होते, ते म्हणजे डिकीतील स्टेपनी. गुळाचे रवे मोजण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आम्ही आधी स्टेपनी ठेवली. लोखंडी रिम आणि 165/80 आर 14 टायर मिळून 14.1 किलो भरले. मग गाडीचे एक चाक उतरवून ठेवले, ते 21.4 किलो भरले. एका चाकामागे सात किलोंहून अधिक, चार चाकांमागे जवळजवळ 29 किलो.

29 किलो म्हणजे मागच्या सीटवर बसलेले एक मूल, असा विचार कोणी करील. पण हे वजन सीटवर नसते, ते फिरत असते. चाकाला गाडीबरोबर पुढे सरकावे लागते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरावेही लागते. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व तिच्या वस्तुमानावर आणि केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून टायरच्या अगदी कडेला असलेल्या एक किलोला वेग देण्यासाठी डिकीतील एक किलोच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते, तर मध्यभागी हबजवळच्या, म्हणजे चाक गाडीला जिथे बसते त्या भागाजवळच्या वजनाचा हा अतिरिक्त भार नगण्य असतो. 14 इंची रिमऐवजी 17 इंची रिम घेतल्यावर धातूचे जाड कडे केंद्रापासून आणखी दूर जाते. वजन वाढते आणि ते नको त्या जागी वाढते. एकसारख्या वेगाने जाताना याचा फारसा त्रास होत नाही, पण कावळा नाक्यापासून रंकाळ्यापर्यंत दर चौकात थांबत जाणाऱ्या गाडीला दर वेळी ही किंमत मोजावी लागते. ब्रेकलाही ती तेवढीच मोजावी लागते.

दुसरी गोष्ट मापाची, आणि ती तपासायला काटाही लागत नाही. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांतून चाकाचा पूर्ण व्यास काढता येतो: पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा आकडा रुंदीच्या किती टक्के उंचीची टायरची भिंत आहे ते, आणि तिसरा रिमचा व्यास इंचात. माझ्या मूळ टायरची भिंत 132 मिमी होती आणि पूर्ण व्यास सुमारे 620 मिमी. दुकानदाराने बसवलेल्या 215/50 आर 17 टायरचा व्यास सुमारे 647 मिमी भरतो. चाक एका फेऱ्यात साडेआठ सेंटिमीटर जास्त अंतर कापते, म्हणजे प्रत्येक गिअर साडेचार टक्क्यांनी लांब झाल्यासारखा होतो आणि इंजिनाचा तोच जोर रस्त्यावर तेवढा कमी पोहोचतो. घाटात पहिला गिअर का लागत होता याचे निम्मे उत्तर यात आहे. स्पीडोमीटर 80 दाखवत असताना पूर्वीच्या तुलनेत गाडी साडेत्र्याऐंशीच्या वेगाने जाते. ओडोमीटरही अंतर कमी मोजतो, त्यामुळे ॲव्हरेजमधील घटीचा काही भाग केवळ मोजणीचा होता. तो दुरुस्त केल्यावर सोळाचे सुमारे पावणेसतरा होतात. तरीही पावणेदोन किलोमीटरची घट खरीच होती, आणि तिला वजनाबरोबर रुंद टायरचे घर्षणही कारणीभूत होते.

मोठे रिम घेणे मुळातच चूक आहे असे माझे म्हणणे नाही. माझ्याच गाडीचे महागडे मॉडेल कंपनी 185/65 आर 15 टायरवर देते आणि त्याचा व्यास मूळ व्यासापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने वेगळा आहे. दुकानदाराने हा पर्याय माझ्यासमोर ठेवलाच नाही.

फोर्ज्ड असल्याचा दावा कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात कोसळला. 2024 च्या जुलैमध्ये गगनबावडा रस्त्यावर कळ्याजवळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक आपटले. टायरची भिंत आता 132 ऐवजी 107 मिमीच होती, धक्का थेट रिमवर गेला आणि त्याला तडा गेला. स्टेपनी लावली, तर ती उरलेल्या तीन चाकांपेक्षा 27 मिमी लहान, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढत कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी टायर काढून तो रिम मी ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्या काकांकडे नेला. नुसता रिम 10.9 किलो भरला. काकांनी तड्याची कड आणि मागची मशीन केलेली बाजू दाखवली. दोन्हीकडे ओतकामात वायू अडकून राहणारी बारीक छिद्रे, ज्यांना फाउंड्रीत ब्लो होल म्हणतात, ती स्पष्ट दिसत होती. “हे ओतीव काम आहे, घडीव नव्हे, आणि ओतकामही चांगले नाही,” असे ते म्हणाले. रिमच्या मागे आयएसआय चिन्ह नव्हते, कमाल भाराचा आकडा नव्हता. ‘जेडब्ल्यूएल’ ही अलॉय चाकांच्या जपानी मानकाची अक्षरे मात्र ठळक होती, ज्यावर मी खरेदीच्या वेळी विश्वास ठेवला होता. साच्यात कोरली की कोणतीही अक्षरे उमटतात, हे काकांनी सांगितल्यावरच लक्षात आले.

स्टिअरिंगच्या थरथरीचे कारणही तिथेच मिळाले. माझ्या गाडीचा हब 54.1 मिमीचा आहे आणि या रिमचे मधले भोक 73.1 मिमीचे होते. मधली पोकळी भरणारी रिंग बसवलेलीच नव्हती, म्हणजे चाक मध्यभागी धरण्याचे काम केवळ चार नट करत होते. “नवे” टायर 2020 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेले होते. बाजूवरील 1420 हा चार आकडी शिक्का मी खरेदीच्या दिवशी वाचला असता तर तेव्हाच कळले असते.

दुकानदाराने पाच वर्षांची वॉरंटी तोंडी दिली होती. तडा दाखवल्यावर खड्ड्याचे नुकसान तिच्यात येत नाही असे सांगितले आणि वजनाविषयी तर आपण काही बोललोच नव्हतो, असे उत्तर दिले. माझ्या बिलावर फक्त “अलॉय सेट, टायरसह” एवढेच लिहिलेले आहे. रिमचे मॉडेल, वजन, बनावटीची पद्धत, ऑफसेट (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे ते माप), टायरचे वर्ष यांपैकी काहीही नाही. कोणत्याही दुकानात हे तपशील बिलावर लिहून मागा आणि पैसे देण्यापूर्वी रिम काट्यावर ठेवायला सांगा. जो विक्रेता यापैकी एकालाही नकार देईल, त्याच्याकडून चाके घेऊ नका. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. मी तो कळवला नव्हता, आणि त्या दहा महिन्यांत मोठा अपघात झाला असता तर दाव्याच्या वेळी मला काय उत्तर देता आले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण दुकानदार बधला नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही. माझ्या बाजूने एकच भक्कम पुरावा आहे. खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानदाराने रिमचा फोटो पाठवून त्याखाली “फोर्ज्ड, साडेसहा किलो” असे लिहिले होते आणि तो संदेश मी पुसलेला नाही. गाडीला पुन्हा 14 इंची लोखंडी रिम लावले आहेत. तडा गेलेला रिम भंगारात न देता, मार्केट यार्डातील काट्याच्या पावत्यांसह, सुनावणीसाठी घरी जपून ठेवला आहे.