मुलांच्या पाण्याच्या बाटल्या: परीक्षा झाकणाची

मुलांची पाण्याची बाटली घेताना नजर आधी चित्रांवर जाते आणि मग स्टील की प्लॅस्टिक यावर चर्चा होते. दोन्ही मुद्दे दुय्यम आहेत. बाटली गळते, वास मारते, मुलाला उघडत नाही, ओढूनही पाणी येत नाही, नळीत काळे ठिपके दिसतात: या जवळपास सगळ्या तक्रारी झाकणाच्या असतात. त्यामुळे एक ते आठ वर्षांच्या मुलांसाठी मिळणाऱ्या बाटल्यांचं हे परीक्षण प्रामुख्याने झाकणांचं आहे. जी बाटली मुलाला स्वतः उघडता येते आणि मोठ्यांना रोज पाच मिनिटांत धुता येते, तीच वर्षभर वापरात राहते.

सर्वात जास्त खपतं ते स्ट्रॉचं झाकण. वरची चोच बोटाने उचलायची, ओढायचं, पुन्हा खाली दाबायची. वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांना स्ट्रॉने पिता येतं, बाटली तिरपी करावी लागत नाही, चालत्या गाडीतही अंगावर सांडत नाही. वापरायला सर्वात सोपं आणि धुवायला सर्वात किचकट असं हे झाकण आहे. यात साधारण चार ते सहा सुटे भाग असतात: प्लॅस्टिकचं मुख्य झाकण, उघडझाप होणारी चोच, सिलिकॉनचं तोंड, आत लोंबणारी नळी, आट्यांच्या वर खाचेत बसणारा वॉशर आणि हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह. शेवटचा भाग नखाएवढा असतो. बिघाडाचं निम्मं कारण तोच.

पाणी ओढलं की तेवढी जागा भरायला बाहेरची हवा आत यावी लागते. ती या व्हॉल्व्हच्या बारीक चिरेतून येते. धुऊन वाळताना चीर चिकटून बसली किंवा व्हॉल्व्ह उलटा बसवला, तर दोन-तीन घोटांनंतर नळी चपटी होते आणि पाणी थांबतं. मूल बाटली बाजूला ठेवतं आणि मोठ्यांना वाटतं, याला तहानच नाही. तपासणी सोपी आहे. झाकण घट्ट लावून स्वतः चार-पाच घोट ओढून पाहा. ओढणं जड होत गेलं आणि झाकण पाव फेरा सैल केल्यावर पाणी मोकळं आलं, तर दोष व्हॉल्व्हचा. तो काढून दोन बोटांत चिमटा, चीर उघडते. पहिल्याच घोटाला नुसती हवा आणि गुडगुड आवाज येत असेल, तर नळी वरच्या टोकाला नीट दाबून बसलेली नाही किंवा तिला वरच्या भागात चीर गेली आहे. तळाशी पाणी राहतं आणि येत नाही, म्हणजे नळी आखूड आहे. ती बुडाच्या किंचित वर थांबावी आणि टोक तिरपं कापलेलं असावं. सरळ कापलेलं टोक बुडाला चिकटून बंद होतं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे चोच उचलताच पाण्याची चिळकांडी उडते. यात बिघाड काहीच नाही. बाटली उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहिली की आतली हवा प्रसरण पावते, आणि चोच बंद असल्याने तिला वाट नसते. चोच उघडताच ती पाण्याला नळीतून वर ढकलते. विमानातही हेच होतं, कारण केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. गंमत म्हणजे अर्धी रिकामी बाटली भरलेलीपेक्षा जास्त उडवते, कारण तिच्यात हवा जास्त. उपाय एवढाच: आधी मुख्य झाकण पाव फेरा सैल करून हवा सोडायची, पुन्हा आवळायचं, मग चोच उघडायची. याच कारणाने स्ट्रॉच्या बाटलीत गरम काहीही भरू नये. चिळकांडी तोंडात उडून चटका बसतो.

काही स्ट्रॉंच्या तोंडाला आणखी एक चीर असते. ती दातांनी दाबल्याशिवाय पाणी येत नाही. उपडी झाली तरी गळत नाही हा तिचा फायदा, पण लहान मुलांना चावणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. शिवाय ज्याला चावायची सवय आहे, तो ते तोंड कुरतडत बसतो. कुरतडलेल्या सिलिकॉनचा तुकडा निघाला तर घशात अडकू शकतो. तोंड फाटायला लागलं की बदलायचं, चिकटपट्टीचे प्रयोग नकोत.

बटण दाबून उघडणारं तोटीचं झाकण चार-पाच वर्षांच्या पुढे चांगलं. भाग कमी, नळी नाही, धुणं अर्ध्यावर येतं. मात्र बटणाला वेगळं कुलूप नसेल तर दप्तरात दुसऱ्या वस्तूचा दाब पडून ते उघडतं आणि वह्या भिजतात. स्प्रिंगच्या बिजागरीत पाणी साचतं. प्रवाह जोरात येतो, त्यामुळे धावून आलेल्या मुलाला ठसका लागतो. घटाघटा पिऊन झाल्यावर मग धावावं, उलट नव्हे, हे शिकवावं लागतं.

साधं फिरकीचं झाकण सर्वात स्वच्छ राहतं, कारण त्यात एक वॉशर सोडून काही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला हीच बाटली द्यावी असं माझं मत आहे. अडचण दोन ठिकाणी येते. झाकण हरवतं, म्हणून पट्टीने जोडलेलं घ्यावं. आणि मुलं आटे तिरपे चढवतात, मग ते घट्ट वाटतं पण गळतं. आधी उलट दिशेने थोडं फिरवायचं, आटे खाली बसल्याचा हलका धक्का जाणवला की सुलट आवळायचं, हे दाखवलं की जमतं.

ओढून उघडायचं खेळाडूंचं बूच लहान मुलांसाठी घेऊ नये. मुलं ते दातांनी ओढतात. छोट्या चोचीचे, न सांडणारे व्हॉल्व्हवाले कप वर्ष-दीड वर्षाच्या पुढे लांबवण्यात अर्थ नाही; घरात बसून पिताना उघडा पेलाच द्यावा. सांडेल थोडं, पण त्यातून शिकणंही होतं.

आता बाटलीच्या अंगाविषयी. स्टीलवर 304 किंवा 18/8 लिहिलेलं असावं, म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. ते सहज गंजत नाही. एकेरी पत्र्याची बाटली हलकी. मात्र थंड पाणी भरलं की तिच्यावर बाहेरून दव धरतं. दुहेरी पत्र्याची व्हॅक्यूमची बाटली पाणी तासन्‌तास गार ठेवते, पण 350 मिलीची रिकामीच पाव किलोच्या आसपास भरते. त्यात 350 ग्रॅम पाणी, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या हातात सहाशे ग्रॅम. एवढ्या लहान मुलाला ती झेपत नाही आणि पायावर पडली तर लागते. पडून पोचा आला आणि आतलं व्हॅक्यूम गेलं, तर गरम पाणी भरल्यावर बाहेरचा पत्रा कोमट लागतो. अशी बाटली साधी बाटली म्हणून चालते, पण जादा पैसे आणि जादा वजन दोन्ही फुकट गेलेले असतात.

व्हॅक्यूमच्या बाटलीचं बूडही उलटून पाहावं. काही उत्पादक बुडाचं हवा काढण्याचं छिद्र शिसं असलेल्या डाखाने (सोल्डरने) बंद करतात आणि वर स्टीलची चकती बसवतात. चकती जागेवर असेपर्यंत पाण्याचा किंवा हाताचा त्याच्याशी संबंध येत नाही. पण 2022 मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या स्टीलच्या बाटल्या आणि कप याच कारणाने परत मागवावे लागले, कारण बूड सुटून डाख उघडा पडत होता. चकती निघाली असेल तर ती बाटली त्या दिवसापासून बंद. बुडाला सिलिकॉनचा मोजा असेल तर तो काढून पाहा, कारण चकती त्याच्या आड लपते. मोज्याखाली पाणी साचून कुबट वासही येतो, म्हणून तो आठवड्यातून एकदा उतरवायचाच.

प्लॅस्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन (तळाशी त्रिकोणात 5) किंवा ट्रायटन (कडक, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक प्रकार) चालतं. पॉलिकार्बोनेट नको, त्यात बीपीए (बिस्फेनॉल ए) हे अपायकारक मानलं जाणारं रसायन असतं, आणि बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याच्या वापरावर युरोपीय संघाने 2011 मध्ये बंदी घातली. आतून ओरखडे आले की प्लॅस्टिकची बाटली बदलावी, ओरखड्यांत मळ बसतो आणि ब्रश तिथे पोचत नाही.

धुण्याचा क्रम ठरलेला असला की हात आपोआप चालतो. घरी आल्यावर उरलेलं पाणी ओतून द्यायचं, झाकणाचे सगळे भाग सुटे करायचे आणि साबणाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं टाकायचे. नळीसाठी बारीक लांब ब्रश हवा, तो दोन्ही टोकांनी आरपार काढायचा. वॉशर नखाने उचकटून खाचेतून फिरवून पुसायचा. सुरी किंवा पिन वापरली तर वॉशरला काप जातो आणि तिथूनच पुढे गळती सुरू होते. मग सगळं उपडं निथळत, झाकण न लावता. इथेच बहुतेक घरांत चूक होते: धुतात व्यवस्थित, पण ओल्या बाटलीवर झाकण आवळून ठेवतात. काळे ठिपके बुरशीचे असतात आणि ती वाढते ओलीमुळे. रात्रभरात भाग वाळत नसतील तर एकसारख्या दोन बाटल्या आलटूनपालटून वापराव्यात. दोन सारख्या घेतल्या की सुटे भागही एकमेकींना लागू पडतात.

सिलिकॉनमध्ये रुतलेले ठिपके घासून जात नाहीत. नळी नवी आणणं हाच शहाणपणा. सिलिकॉन वासही धरून ठेवतं. सुगंधी साबणात तासभर भिजवलेल्या नळीतून पाण्याला साबणाची चव येते आणि मूल पाणी नाकारतं. पाण्यात खाण्याचा सोडा टाकून अर्धा तास भिजवलं की बराचसा वास जातो. आत पांढरा थर आला तर तो पाण्यातल्या क्षारांचा. समभाग व्हिनेगर आणि पाणी पंधरा-वीस मिनिटं ठेवून ब्रश फिरवावा. स्टीलला ब्लीच कधीही नको, क्लोरीनमुळे पत्र्याला बारीक खड्डे पडतात. आणि बर्फ करण्यासाठी भरलेली बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नये: पाणी गोठताना सुमारे 9 टक्के वाढतं आणि पत्रा फुगतो.

किती मिलीची घ्यावी? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या शिफारशीनुसार 2 ते 3 वर्षांच्या मुलांना दिवसाला एकूण 1.3 लिटर आणि 4 ते 8 वर्षांच्यांना 1.6 लिटर पाणी लागतं. यात जेवणातून आणि दुधातून जाणारं पाणीही धरलेलं आहे, त्यामुळे सगळंच बाटलीतून जायला हवं असं नाही. उन्हाळ्यात आणि खेळाच्या दिवशी जास्त लागतं. तीन वर्षांपर्यंत 250 ते 350 मिली, पुढे 400 ते 500 मिली पुरे. मोठी बाटली जड होते आणि दिवसाअखेर तशीच परत येते. शू फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. ती गडद असेल, शी कडक होत असेल, तर वाढवावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचंच नाही. आईचं किंवा बाळासाठीचं दूध पुरतं.

तासांच्या खुणा छापलेल्या, दिवे लागणाऱ्या, ॲपला जोडलेल्या बाटल्यांची शिफारस करत नाही. ज्या मुलाला घड्याळ कळत नाही त्याला त्या खुणा निरुपयोगी, आणि ज्याला कळतं तो रेषा गाठायला एकदम अर्धी बाटली संपवतो. उठल्यावर, जेवताना, बाहेरून आल्यावर आणि खेळायला जाण्याआधी चार-पाच घोट, एवढं बांधलेलं वेळापत्रक पुरतं. बाटली मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवली की मागेही लागावं लागत नाही. बाटली शाळेतून रोज भरलेली परत येत असेल, तर बाटली बदलण्याआधी शाळेतल्या स्वच्छतागृहाविषयी विचारा. तिथे जायचं टाळण्यासाठी पाणी न पिणारी मुलं पुष्कळ असतात.

आणि बाटलीत पाणीच. ज्यूस किंवा गोड दूध भरून दिवसभर घोट घेत राहिलं की प्रत्येक घोटानंतर दातांवर पुन्हा आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला सवड मिळत नाही. शिवाय दुधाचा अंश व्हॉल्व्हच्या चिरेत कुजतो.

विकत घेताना झाकण तिथल्या तिथे सुटं करून पाहा. वॉशर नखाला येतो का, हवेचा व्हॉल्व्ह निघतो का, की झाकणात कायमचा बसवलेला आहे? कायमचा असेल तर सोडून द्या, तो भाग कधीच धुतला जाणार नाही. बाटलीचं तोंड ब्रश आणि बर्फाचा खडा जाईल इतकं रुंद असावं. मुलाला स्वतः उघडून बंद करायला लावा, आणि बंद झाल्याचा टक्‌ आवाज त्याला ऐकू येतो का बघा. गळ्यात अडकवायचा लांब पट्टा असेल तर तो काढून टाकावा, खेळताना कुठे अडकला तर गळ्याला फास बसतो. हातात धरायची कडी पुरेशी आहे. घरी आणल्यावर पाऊण भरून, कोरड्या कागदावर आडवी करून तासभर ठेवा. कागद ओला झाला तर वॉशर काढून पुन्हा बसवा, पीळ पडलेला असतो. दुसऱ्यांदाही ओला झाला तर बाटली परत करा. नावाची चिठ्ठी बाटलीच्या अंगावर आणि झाकणावर वेगवेगळी लावा, शाळेत झाकणं अदलाबदल होतात.

शेवटचा प्रश्न विक्रेत्याला: नळी, तोंड आणि वॉशर यांचा सुटा संच मिळतो का? रोज वापरातलं सिलिकॉन काही महिन्यांत चिरतं, चावलं जातं किंवा डागाळतं. संच मिळत असेल तर स्टीलची बाटली धाकट्या भावंडापर्यंत चालते. मिळत नसेल तर महाग बाटली घेऊ नका, साध्या फिरकीच्या झाकणाची घ्या.