ऑटोरन्स : काही महिन्यांच्या वापरानंतर, पिवळ्या ओळींच्या तक्रारीसह

झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हमधले फोल्डर अचानक शॉर्टकट झाले आणि संगणकाचा कॅमेरा अधूनमधून आपोआप लागू लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने न बघताच ‘फॉरमॅट करावे लागेल, डेटाचे पैसे वेगळे’ असे सांगितले. त्या वेगळ्या पैशांमुळेच मी सिसइंटर्नल्स या साधनसंचातले ऑटोरन्स उतरवून घेतले; विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होते, त्याची यादी ते दाखवते. मार्क रुसिनोविच यांच्या या साधनसंचाची मालकी २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि तो आजही फुकट आहे.

मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्यावर उरलेल्या यादीत एक ओळ लगेच खटकली : नावाच्या जागी बत्तीस अक्षरांची निरर्थक माळ, प्रकाशकाचा रकाना कोरा, फाइल टेम्प फोल्डरमध्ये, आणि तिचीच दुसरी प्रत स्टार्टअप फोल्डरमध्ये. एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटलने बहुतेक इंजिनांच्या निकालावरून तिला एनजेरॅट ठरवले. मायक्रोसॉफ्ट याच कुळाला ब्लाडाबिंडी म्हणते. कळफलकावरची प्रत्येक कळ टिपणारा, कॅमेरा उघडणारा आणि फायरवॉलमध्ये स्वतःसाठी परवानगी लिहून घेणारा हा ट्रोजन, म्हणजे वेष पालटून आत शिरणारा घातक प्रोग्राम आहे. त्याच्या काही आवृत्त्या स्वतःला विंडोजची अत्यावश्यक प्रक्रिया म्हणून नोंदवतात. त्यामुळे टास्क मॅनेजरमधून बंद करताच विंडोज कोसळून निळा पडदा येतो. म्हणून नेट तोडून, सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतेच सुरू करून) जाऊन आधी ऑटोरन्समधल्या त्या नोंदींवरच्या टिकच्या खुणा काढल्या, मग फाइली पुसल्या, फायरवॉलमधली परवानगी हटवली आणि शेवटी विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवले. खूण काढल्यावर नोंद पुसली जात नाही, नुसती निष्क्रिय होते; ही सोय मला सर्वांत आवडली.

आता तक्रार, आणि ती मी सोडणार नाही : पिवळ्या ओळी! ज्या नोंदीची फाइलच जागेवर नाही, तिला हे साधन पिवळे रंगवते. म्हणजे कधीच काढून टाकलेल्या प्रिंटरचे अवशेष डोळ्यांत खुपतात, आणि ज्याची फाइल शाबूत आहे, तो खरा चोर फिकट गुलाबी रंगात बसून राहतो. इतक्या वर्षांत हे कोणाला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

पहिल्या आठवड्यात मी याला पाच तारे दिले असते. आज चार देतो, कारण ऑटोरन्स फक्त आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी दाखवते. मागचे दार उघडे असताना आणखी काय आत आले आणि कोणते पासवर्ड बाहेर गेले, हे ते सांगू शकत नाही. पासवर्ड मी दुसऱ्या संगणकावरून बदलले, बँकेचा सर्वांत आधी, आणि पुढे विंडोजही नव्याने टाकले. दुरुस्तीवाल्याचा सल्ला चुकीचा नव्हता. दर चुकीचा होता.

ऑटोरन्स मात्र राहिले. स्वच्छ संगणकाची यादी जतन करून ठेवली आहे. नव्या यादीशी तुलना केली की वाढलेल्या नोंदी हिरव्या दिसतात. आतापर्यंत हिरवे झाले ते ब्राउझर आणि प्रिंटर यांचे अपडेटरच, आणि त्यांच्यावरची खूण काढली तरी पुढच्या अपडेटला ते निर्लज्जपणे परत येतात.