निळी नंबरप्लेट बघून भुललो आणि 4,36,500 ला बुडालो

हसायचं तर हसून घ्या, बायको रोजच हसते. दिल्लीत 19 वर्षं मॉड्युलर किचन आणि फर्निचरची कामं करतोय, बिल्डर लोकांनी बुडवलंय, पण पोलिसात गेलं की निदान समोरच्याला एक फोन तरी जायचा. यावेळी बुडवणारा एका दूतावासातला फर्स्ट सेक्रेटरी, म्हणजे परदेशी सरकारचा अधिकारी, डिप्लोमॅट; निळी नंबरप्लेट यांच्याच गाड्यांना असते. देशाचं नाव घेत नाही, वकिलाने दम दिलाय.

वसंत विहारला घर, काम 7,86,500 चं. ॲडव्हान्स 2,00,000 रोख, मधे 1,50,000, मग "नेक्स्ट वीक". कार्पेंटरची मजुरी 1,12,000 मी खिशातून दिली. मी दूतावासाच्या लेटरहेडवर वर्क ऑर्डर मागितली होती, नाही असं नाही! तो हसला, म्हणाला माझा ईमेल पुरेसा नाही का. आता दूतावास म्हणतं हा त्याचा खाजगी व्यवहार आणि त्याच्यावर केस करायला गेलं तर तो डिप्लोमॅट. लेटरहेड नसेल तर करवत बॅगेतून काढू नका.

पण खरं चुकलो ते वेगळीकडेच. चिमणीचं माप घेत होतो तेव्हा घरकाम करणारी मुलगी, झारखंडकडची, पाण्याचा ग्लास ठेवून हळूच म्हणाली, "भैया, आपको पैसा मिला? मुझे पाँच महीने से नहीं मिला." पाच महिने! आणि मी काय केलं, टेप गुंडाळला आणि म्हटलं मिल जाएगा. मला वाटलं घरातला मामला, आपण कशाला पडा. जो माणूस घरातल्या पोरीला पगार देत नाही तो मला काय देणार, हे तिथे पाणी पिता पिता कळायला हवं होतं. ती नंतर कुठे गेली कोणालाच माहीत नाही, मी पण विचारलं नाही, त्याची लाज पैशापेक्षा जास्त वाटते.

मार्चमध्ये साहेबांची बदली झाली, गेले. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या अधिकाऱ्याने फाईल न उघडताच "ये हमारे बस का नहीं", दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथे म्हणाले लेखी द्या, दिलं, तीनदा दिलं, 11 महिन्यांत एक ओळीचं उत्तर नाही, खिडकीवरचा बाबू तर मलाच विचारतो तुम्ही परदेशी माणसाला उधारी दिलीच कशाला. अरे, तुम्हीच त्याला निळी प्लेट देता ना!

वकिलाकडून कळलं ते असं. 1961 चं व्हिएन्ना कन्व्हेन्शन, म्हणजे डिप्लोमॅट लोकांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, आपल्याकडे 1972 च्या कायद्याने लागू. डिप्लोमॅटला अटक नाही, घरात पोलीस नाही, या कायदेशीर संरक्षणाला इम्युनिटी म्हणतात. कलम 31 मध्ये सिव्हिल केसला अपवाद आहेत पण ते त्याने स्वतः धंदा केला तर वगैरे, स्वतःच्या घरात किचन बसवून घेणं हा धंदा नाही. पोस्टिंग संपल्यावर खाजगी व्यवहारातली इम्युनिटी जाते म्हणे, पण तोवर माणूसच गेलेला असतो, आता त्याच्या देशात जाऊन वकील लावू का? इम्युनिटी सोडायची तर त्याच्या सरकारने स्पष्ट सोडायला हवी. कशाला सोडतील.

दूतावासावरच केस करायची तर सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86, आधी केंद्र सरकारची परवानगी. हरभजनसिंग धल्ला नावाच्या माणसाने अल्जेरियाच्या दूतावासात काम केलं, पैसे अडकले, परवानगी नाकारली, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तेव्हा 1986 ला कोर्टाने सरकारला फेरविचार करायला लावला. मी 4 लाखांसाठी सुप्रीम कोर्टात?

आणि माझे तर पैसेच गेले. 2015 ला गुडगावात दोन नेपाळी बायकांवर अत्याचाराचे आरोप असलेला सौदी डिप्लोमॅट विमानाने निघून गेला, पोलीस बघत बसले. लंडनमध्ये 2022 ला सुप्रीम कोर्टाने 3 विरुद्ध 2 ने म्हटलं की डिप्लोमॅटने मोलकरणीला घरात डांबून फुकट राबवल्याचा आरोप खरा असेल तर ती कमर्शियल ॲक्टिव्हिटी, म्हणजे धंदाच, तिथे इम्युनिटी चालणार नाही. त्या झारखंडच्या पोरीला हे कोण सांगणार.

भाड्याने घर देणाऱ्यांनो, डिपॉझिट आधी, चावी नंतर. केटरिंगवाल्यांनो, सगळे पैसे आधी.

गेल्या आठवड्यात त्याच घराच्या गार्डचा फोन, नवीन मॅडम आल्यात, ड्रॉवरचं चॅनल अडकतंय, येता का. म्हटलं येतो, 900 रुपये, गेटवर आधी.