सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा: आठ महिन्यांनंतर

लेकीच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आम्ही दोघं पुण्यात होतो. घर दारव्हा तालुक्यात, मागच्या कोठीत तुरीची 11 पोती, भाव येईल म्हणून ठेवलेली. कॅमेरा डिसेंबरातच बसवला, निघायच्या आधी हात बसावा म्हणून.

वायफायचा स्वस्त पडत होता. पण लाइन गेली की राउटर बंद, आणि वारा सुटला की आमच्याकडे लाइन जातेच. मग सिमचा घेतला. कोणतं सिम ते दुकानदाराला विचारू नका. शेजाऱ्यांचे फोन भिंतीपाशी धरा आणि रेंज बघा.

खरी परीक्षा उन्हाळ्यानं घेतली. कॅमेरा पश्चिमेच्या भिंतीवर होता. एप्रिलात दुपारभर कडक ऊन, तरी चार्जिंग घसरतच चाललं. माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा कळलं: 45 अंशांच्या वर बॅटरी चार्जच होत नाही. धाकट्या दिरांनी कॅमेरा सपरीच्या वळचणीला सावलीत आणला, पॅनल तेवढं वायरीनं पत्र्यावर ठेवलं. तेव्हापासून त्रास नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि विकताना ती कुणी सांगत नाही. हा कॅमेरा माणूस ओळखतो तो अंगाच्या उष्णतेवरून. आजूबाजूची भिंत, जमीन अंगाइतकीच तापली की त्याला फरक कळत नाही. भाऊजींना मी मुद्दाम दुपारी तीन वाजता अंगणातून चालायला लावलं, फोनवर काहीच आलं नाही. तेच रात्री फाटकातून आत आले की लगेच सूचना. उन्हाळ्यात दुपारी अख्खं गाव दारं लावून पडलेलं असतं, म्हणून त्या वेळी मी स्वतः दोन-तीनदा अ‍ॅप उघडून बघायची.

मेच्या शेवटी अवकाळी आला. रात्री अकराला सूचना आली. गावात लाइन नव्हती, चित्र अडकत अडकत येत होतं, पण कोठीवरचा पत्रा उचललेला स्पष्ट दिसला. भाऊजींना फोन केला. किल्ली त्यांच्याकडेच होती. त्यांनी आणि पुतण्यानं पोती ओसरीत ओढली, दोनच भिजली. त्या रात्री पुण्यात बसून मी रडले, आणि कॅमेऱ्याचे पैसे वसूल झाले असं मनापासून वाटलं. पण किल्लीवाला माणूस नसता तर मी नुसती बघत बसले असते.

तक्रारी आहेत. रात्रीच्या अदृश्य उजेडावर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि काचेवर जाळं झालं की सगळं पांढरं दिसतं. आठवड्यातून एकदा फडकं मारावंच लागतं. चित्रण आतल्या मेमरी कार्डावर राहतं, म्हणजे कॅमेराच चोरीला गेला तर पुरावाही गेला. हात पोचणार नाही इतका उंच लावा. जुलैत सलग झड लागली तेव्हा बॅटरी 30 टक्क्यांवर आली, बंद मात्र पडली नाही.

तूर विकली. आता कॅमेरा गोठ्याकडे वळवला आहे, गाय व्यायला झाली आहे.